राखीव विमान

दुसरं महायुद्ध ज्या विमानामुळे जिंकलं गेलं, ते शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, एका जुन्या धावपट्टीच्या कडेला असलेल्या छोट्याशा संग्रहालयात उभं आहे. पिवळ्या रंगाचं आहे. प्लायवुडचं आहे. ते युद्धावर कधी गेलं नाही. युद्धावर जाणाऱ्या पोरांना उडायला शिकवण्यासाठी ते बांधलं होतं, पण त्याने कुणाला शिकवलंही नाही. नमुना म्हणून दोन बांधली, चाचणीला उडवली, आणि मग वरून 'नको' असा निरोप आला. दोनातलं एक पुढे कुठे गेलं हे कुणाला ठाऊक नाही. उरलं ते हे.

तरीही महायुद्ध याच विमानामुळे जिंकलं गेलं, असं आमच्या दाबके काकांचं ठाम मत आहे. त्यांनी ते मला इतक्या वेळा पटवून दिलंय की, न पटण्याची माझी कारणं हल्ली मलाच आठवेनाशी झाली आहेत.

"अगं मीनल, तेव्हा ॲल्युमिनियम कमी पडेल अशी भीती होती," काका सुरुवात करतात. "सगळं ॲल्युमिनियम लढाऊ विमानांना जाणार. मग नवीन पोरांनी शिकायचं कशावर? पतंगावर? म्हणून कुणीतरी शहाणा म्हणाला, लाकडाचं एक बांधून ठेवा. बांधून ठेवलं. ॲल्युमिनियम काही कमी पडलं नाही. विमान कॅन्सल. पण ते बांधलेलं होतं म्हणून वरचे साहेब निर्धास्त झोपले ना? झोप झालेल्या माणसाचं डोकं चालतं. डोकं चाललं म्हणून जिंकले."

"पण काका, ते लागलं तर नाही ना?"

"लागलं नाही म्हणजे वाया गेलं असं नाही."

हे काकांचं पालुपद. त्यांची पंचाहत्तरी इथल्या मराठी मंडळाने साजरी केली तेव्हा केकवर हेच वाक्य लिहावं, अशी सूचना आली होती. सूचना काकांनीच केली होती. शिवाय त्यांनी घरून एक राखीव केक आणला होता.

काका मूळचे नागपूरचे, इंजिनियर, इथे अमेरिकेत येऊन पन्नासच्या आसपास वर्षं झाली. ते शॉमबर्गच्या एका मोठ्या ऑफिसात होते. काम काय, तर मुख्य यंत्र बंद पडलं तर दुसरं आपोआप सुरू व्हावं अशी व्यवस्था लावायची. मुख्य यंत्र फारसं कधी बंद पडलं नाही. त्यामुळे काकांचं काम चालतं की नाही हे कंपनीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि काकांना सन्मानाने निवृत्त करण्यात आलं.

मंडळातली वात्रट पोरं त्यांना 'स्टेपनी काका' म्हणतात. काकांना हे माहीत आहे, आणि ते त्यांना मानाचं वाटतं. "स्टेपनी नसेल तर हायवेवर जाऊन दाखव," असं ते त्या पोरांना म्हणतात. पोरं रोज जातात.

मंडळाच्या गणपतीत जेवण केटररकडून येतं. केटरर आजवर एकदाही चुकलेला नाही. तरी काका दर वर्षी घरून मोठं पातेलंभर मसालेभात करून आणतात आणि गाडीच्या डिकीत ठेवतात. केटररचा भात पुरतो. पातेलं तसंच घरी परत जातं. पुढचे कितीतरी दिवस काका दोन्ही वेळा मसालेभात खातात. एकदा मी म्हटलं, "काका, आत आणा की, लोक आनंदाने खातील." तर म्हणाले, "आणि मग कमी पडला तर?"

हेच नाटकाचं. दर हिवाळ्यात मंडळाचं एक नाटक होतं आणि काका त्यातल्या प्रत्येक पात्राचं काम पाठ करतात. बायकांचीही. कोण आजारी पडेल, कुणाची फ्लाइट चुकेल, सांगता येत नाही. प्रयोगाला विंगेत खुर्ची टाकून बसतात, ओठ हलत असतात. एकदा मात्र योग आला होता. नायकाचं काम करणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. दुसरी घंटा झाली. काकांना रंग लावला, नायकाचा कोट चढवला. काका पडद्यामागे उभे राहिले, चेहरा पांढराफटक. तिसऱ्या घंटेला डॉक्टर धापा टाकत आले. काकांनी शांतपणे कोट उतरवला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "गरम करून ठेवलाय."

निर्मला काकू होत्या तेव्हा या सगळ्यावर त्यांची टीका चालू असायची. "लग्नात यांनी मला घालायचे हार दोन आणले होते," त्या सांगायच्या. "एक तुटला तर? आणि भटजी? भटजीही दोन! दोघांची भांडणं होऊन मुहूर्त चुकायची वेळ आली." काकू गेल्याला आता काही वर्षं झाली. काकांकडे चहा करताना ओट्यावर अजून दोन कप निघतात. दुसऱ्या कोणाच्या घरी तसं दिसलं असतं तर मला भरून आलं असतं. काकांच्या बाबतीत नक्की काय समजावं ते कळत नाही.

त्या विमानाशी काकांची गाठ मंडळाच्या ज्येष्ठांच्या सहलीत पडली. बाकी सगळे चकचकीत लढाऊ विमानांपुढे फोटो काढत होते. पिवळं विमान कोपऱ्यात होतं आणि त्याचा उपयोग खुणेपुरता होता. 'लाकडी विमानावरून डावीकडे वळा, की बाथरूम.' काका बाथरूमला निघाले ते विमानापाशीच थांबले. पुढे महिन्याभरात ते तिथे स्वयंसेवक झाले. दर शनिवारी निळी टोपी घालून ते त्या विमानापाशी उभे राहायचे आणि माहिती सांगायचे. त्यांना श्रोत्यांची कधीच टंचाई पडली नाही, कारण बायकांच्या बाथरूमची रांग तिथपर्यंत यायची.

मी अनेकदा ऐकलंय त्यांना. इंग्रजीही नागपुरी वळणाचं, पण विषयात रंगले की गोड वाटायचं. विमानाला दोन जागा आहेत, एकीमागे एक. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दोघांपुढे एकसारखे दांडे, पायाशी एकसारखी पेडलं, आतून तारांनी जोडलेली. पुढच्याने दांडा हलवला की मागचाही हलतो. "मागच्या माणसाची खरी परीक्षा कशात आहे, सांगा," काका विचारायचे. रांगेतल्या बायका अंग चोरून उभ्या असायच्या. "दांडा हातात ठेवायचा, पण धरायचा नाही. पोराने चूक केली तरच धरायचा. पोरगं चांगलं असेल तर तुम्हाला जन्मभर काही करायला मिळत नाही."

गेल्या उन्हाळ्यात संग्रहालयाला एका श्रीमंत कुटुंबाने खरंखुरं लढाऊ विमान भेट दिलं. युद्धात लढलेलं, अंगावर विजयाच्या खुणा रंगवलेलं. त्याला जागा हवी होती. संग्रहालयाची संचालिका डेब्रा चांगली बाई आहे. तिने काकांना बसवून, कॉफी देऊन सांगितलं, की पिवळं विमान आता मागच्या शेडमध्ये जाईल.

काका त्या संध्याकाळी आमच्याकडे आले. "शेडला हीटिंग नाही," म्हणाले. "दमट हवेत प्लायवुडचे थर सुटतात गं. दोन हिवाळ्यांत पापडासारखे पापुद्रे निघतील." मग बशीतली चकली उचलली आणि परत ठेवली. "एवढी वर्षं कुणी बोलावलं नाही, ठीक आहे. पण निदान हॉलमध्ये उभं होतं."

मी म्हटलं, "डेब्राशी बोला. भांडा जरा."

"मी काय भांडणार? ती म्हणते, त्या विमानाने इतिहास घडवला. खरंच आहे. याने घडवला नाही."

"तुम्हीच तर म्हणता, याच्यामुळे युद्ध जिंकलं."

"ते मी लोकांना सांगतो," काका म्हणाले.

नव्या विमानाच्या उद्घाटनाला मी काकांबरोबर गेले. ते एकटे जाऊ नयेत म्हणून गेले, असं म्हणायला हवं. समारंभ जोरदार होता. शाळेचा बँड होता, जमिनीला टेकेल एवढा झेंडा होता, महापौर होते. बलिदान, स्वातंत्र्य आणि वारसा हे तीन शब्द प्रत्येक वक्त्याने वापरले, फक्त क्रम बदलला. जिथे पिवळं विमान असायचं तिथे आता नवं विमान होतं आणि त्याच्यापुढे लांबलचक रिबन होती. बाथरूमसाठी नवी पाटी लावली होती.

मग सोनेरी कात्री आली. अशा समारंभात असते ती, माणसाच्या हाताएवढी. महापौर आणि देणगीदार दोघांनी मिळून ती धरली, फोटोसाठी हसले आणि रिबनवर चालवली. रिबन पात्यात दुमडली. पुन्हा चालवली. पुन्हा दुमडली. त्या कात्रीला धारच नव्हती, ती फोटोसाठी बनवलेली होती. बँडने तेवढ्यात वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली. डेब्राचा चेहरा लाल झाला.

दाबके काका माझ्या कानाशी म्हणाले, "मीनल, चल. डिकीचं झाकण धर."

काकांच्या गाडीचं डिकीचं झाकण वर राहत नाही, धप्पकन डोक्यात पडतं. ते टेकवायला त्यांच्याकडे एक लाकडी दांडका आहे. पण तो दांडका डिकीत असतो. म्हणून मी झाकण धरलं आणि काका आत वाकले. एक छत्री निघाली, दुसरी छत्री निघाली, दोरखंड, टॉर्च, शिवाय अंगाऱ्याची पुडी. तळाशी एक निळी प्रवासी बॅग होती, ती त्यांनी उचलून माझ्या पायाशी ठेवली. चेन अर्धवट उघडी होती. आत काकांचे दोन शर्ट, औषधांची पिशवी, दाढीचं सामान, आणि वर एक लहान मुलीचा लाल स्वेटर. किमतीचं लेबल तसंच.

"हे काय काका? कुठे निघालात?"

"कुठे नाही." त्यांनी कापड कापायची मोठी काळी कात्री शोधून काढली होती, ती अंगठ्यावर तपासत होते. "केतकीने बोलावलं तर असावी म्हणून."

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. डेनव्हरला मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे.

"कधीपासून आहे ही बॅग?"

"लीलाच्या जन्माच्या वेळेला भरली. मग केतकीच्या सासूबाई गेल्या मदतीला, मग नॅनी मिळाली. लागलं नाही." ते बॅगेची चेन लावायला लागले. "स्वेटर बदलतो मी. तिच्या वाढदिवसाला पुढच्या साइझचा घेतो. फोटोवरून अंदाजाने."

लीला, त्यांची नात, आता दुसरीत आहे.

"काका, अहो, नुसतं तिकीट काढा आणि जा! मुलगी आहे तुमची!"

"असं नसतं गं," काका म्हणाले, आणि हे ते मला नाटकाचा नियम समजावून सांगावा तसं म्हणाले. "राखीव नटाने हाक आल्याशिवाय स्टेजवर जायचं नसतं. सगळा खेळ बिघडतो."

आम्ही आत गेलो. काकांनी कात्री महापौरांच्या हातात मुठीकडून दिली. रिबन एका घावात कापली गेली. टाळ्या झाल्या, बँड वाजला, आणि ज्या विमानाने त्यांच्या विमानाला हॉलबाहेर घालवलं होतं त्याचं उद्घाटन दाबके काकांच्या कात्रीने झालं. फोटोत कात्री दिसते. काका दिसत नाहीत.

घरी आल्यावर मी केतकीला फोन केला. ती लहानपणी माझ्या रविवारच्या मराठी वर्गात असायची, तेवढ्या हक्कावर. स्वेटरचं सांगितलं. ती इंग्रजीत बोलते आणि मी मराठीत ऐकते, अशी आमची जुनी पद्धत आहे.



"मावशी, ते कायम म्हणतात, गरज पडली तर सांग, मी आहेच," ती म्हणाली. "मी दिवसभर इमर्जन्सी बघते. इमर्जन्सी कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. माझ्याकडे तशी कधी आलीच नाही. त्यांना उठवावं लागलं नाही याचा मला अभिमान वाटायचा. मला वाटायचं, त्यांनाही वाटत असेल."

मग म्हणाली, "त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं ना, तेव्हा पूर्ण वेळ त्यांचा हात हँडब्रेकवर असायचा. एकदाही ओढला नाही. मी किती चुका केल्या! रस्त्याकडेचा एक मेलबॉक्स पाडला. तरी नाही ओढला."

मी तिला काही सुचवलं नाही. मी ग्रंथालयात नोकरी केली आहे. योग्य पुस्तक टेबलावर ठेवून आपण बाजूला व्हायचं असतं.

ऑक्टोबरात एका सकाळी काकांनी आमची बेल वाजवली. मग दारही वाजवलं. राखीव.

"मीनल, बोलावलंय."

"कुणी?"

"केतकीने. म्हणजे ती येतेय. शिकागोला तिची कॉन्फरन्स आहे. लीलाला घेऊन येतेय. म्हणाली, 'बाबा, आय नीड यू. दुसरं कुणी नाही सांभाळायला.'" काका दारातच उभे होते. चेहऱ्यावर तोच पांढरेपणा होता, पडद्यामागे कोट घालून उभे होते तेव्हाचा. "मला जमेल का गं?"

"तुमचं तर सगळं पाठ आहे," मी म्हटलं.

"पाठ आहे. पण कधी केलेलं नाही."

खरोखरच कॉन्फरन्स होती का, हे मी केतकीला विचारलं नाही. काका विमानतळावर गाडीत बसवायच्या लहान मुलाच्या दोन सीट घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला सात वेळा फोन केला. अंडं किती उकडायचं, इथपासून ते "ती म्हणते बोअर झालं, यावर औषध काय?" इथपर्यंत. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी जाऊन पाहिलं, तर दोघं जमिनीवर बसून मंडळाच्या जुन्या नाटकातला प्रवेश करत होते. लीलाला मराठी येत नाही. ती नायक होती. काका बाकीचे सगळे होते.

परतीच्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी काकांनी सगळ्यांना संग्रहालयात नेलं. केतकी, लीला आणि मी. डेब्राने शेडची किल्ली दिली. पिवळं विमान ताडपत्रीखाली होतं, शेजारी हवा कोरडी ठेवणारं यंत्र घुरघुरत होतं. त्याच्या शेजारी तसंच दुसरं यंत्र होतं, बंद.

काकांनी ताडपत्री ओढली. लीलाने विमानाला एक फेरी मारली.

"डिड इट फाइट?"

"नो."

"व्हाय नॉट?"

"कुणी बोलावलं नाही," काका मराठीत म्हणाले, मग त्यांनी तेच इंग्रजीत सांगितलं.

लीलाने यावर थोडा विचार केला. "ओके. कॅन आय सिट इन इट?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. विमान हॉलमध्ये होतं तेव्हा त्याच्याभोवती दोरी होती आणि आत जायला काकांनासुद्धा परवानगी नव्हती. शेडमध्ये दोरी नव्हती. डेब्राने खांदे उडवले आणि शिडी आणून दिली.

लीला पुढच्या जागेवर बसली. काका, गुडघ्यांची तक्रार करत, केतकीच्या खांद्याचा आधार घेत, मागच्या जागेवर. वर्षानुवर्षं त्या जागेबद्दल बोललेला माणूस त्या जागेवर पहिल्यांदा बसत होता. लीलाने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला आणि दांडा डावीकडे, उजवीकडे, मग जोरात मागे ओढला. आत तारा करकरल्या. मागचा दांडा काकांच्या मुठीत होता. मूठ सैल होती. तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मागे आला, आणि काकांचा हात त्याच्याबरोबर गेला.

"वर चाललीस," काका म्हणाले. "छान चाललीस."

केतकी माझ्या शेजारी उभी होती. ती तिच्या बाबांच्या हाताकडे बघत होती. मी विमानाच्या शेपटाकडे बघत राहिले, तिथे तसं काही बघण्यासारखं नव्हतं.

शेडमध्ये गारठा होता. लीलाचे दात वाजायला लागले. काका सावकाश उतरले, गाडीपाशी गेले आणि निळी बॅग घेऊन आले. लाल स्वेटर काढला, दातांनी लेबल तोडलं, तिच्या डोक्यातून घातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या.

"आजोबा, इट्स टू स्मॉल."

केतकीने तोंड फिरवलं. फोटोवरून अंदाज करायचा म्हणजे असंच होणार, असं काहीतरी म्हणावं असं मला वाटलं, पण काका मला मानेने गाडीकडे चल अशी खूण करत होते. मी त्यांच्यामागून गाडीपाशी गेले आणि डिकीचं झाकण धरलं.

पुढच्या साइझचा हिरवा होता.